एक पाहुणा, एक इंच पाणी

मे महिन्याची सुट्टी किंवा पावसाळ्यातले शनिवार-रविवार आले की एक वाद ठरल्याप्रमाणे पेटतो. काजव्यांच्या झाडांखाली गाड्यांचे झगझगीत दिवे, घाटात तासन्‌तास कोंडी, किनाऱ्यावर बाटल्यांचा खच असे व्हिडिओ फिरू लागतात आणि लगेच दोन फळ्या पडतात. पहिली म्हणते, गावातल्या होमस्टेवाल्यांना आणि टपरीवाल्यांना शाश्वत पर्यटनाचं प्रशिक्षण द्या, त्यांना जाण नाही म्हणून हे होतंय. दुसरी उसळून विचारते, ज्यांच्या पणजोबांनी देवराया राखल्या त्यांना निसर्ग तुम्ही शिकवणार? शिकवायचं तर त्या गाडीवाल्यांना शिकवा. दोघांनाही टाळ्या मिळतात. प्रशिक्षण द्यायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं, हे मात्र दोन्हीकडचं कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं की गावातल्या पर्यटन व्यावसायिकाला प्रशिक्षणाची गरज आहे आणि ती तातडीची आहे. पण आज प्रशिक्षणाच्या नावाखाली जे चालतं त्यातून ती भागत नाही. तालुक्याच्या सभागृहात दोन दिवसांचं शिबिर, पडद्यावर सरकणारी चित्रं, ‘अतिथी देवो भव’, हसतमुखाने स्वागत, खोलीचे फोटो कसे काढावेत, ऑनलाइन नोंदणी कशी करावी, शेवटी जेवण आणि प्रमाणपत्र. ‘शाश्वत’ या शब्दाच्या वाट्याला येतात प्लॅस्टिकबंदीची शपथ आणि एक रोप. विहिरीत पाणी किती, टाकीत मैला किती आणि खोलीमागे हातात किती उरतं, या तीन प्रश्नांची उत्तरं काढायला कुणी शिकवत नाही. निसर्गप्रेमाचे धडे गिरवून गाव टिकणार नाही, आणि टिकायचं असेल तर हा हिशेब एकेका घराने करूनही भागणार नाही. तो सगळ्या वाडीला यायला हवा.

पाण्यापासूनच सुरुवात करू, कारण कोकणात सगळं अखेर तिथेच येऊन अडतं. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसामागे दिवसाला 55 लिटर पाणी धरलं आहे. हॉटेलांसाठी भारतीय मानकात खाटेमागे 180 लिटर धरतात. आता चार खोल्यांचं साधं होमस्टे घ्या, खोलीत तीन माणसं. बारा पाहुण्यांना दिवसाला 2,160 लिटर, म्हणजे गावातल्या 39 माणसांचा वाटा. अशी वीस घरं असलेल्या गावात भरलेल्या शनिवारी 43,200 लिटर लागतं. आठशे वस्तीच्या गावाचं रोजचं पाणी 44,000 लिटर. थोडक्यात, सुट्टीच्या दिवशी पाण्याच्या हिशेबाने त्या गावाशेजारी तेवढंच आणखी एक गाव वसतं, आणि तेही मे महिन्यात, जेव्हा विहिरींनी तळ गाठलेला असतो.

हे आकडे फळ्यावर लिहून उपयोग नाही, ते माणसाच्या स्वतःच्या विहिरीत उतरवायला हवेत. दहा फूट व्यासाची गोल विहीर धरा. तिच्यातलं एक फूट पाणी म्हणजे साधारण 2,200 लिटर, एक इंच म्हणजे सुमारे 185. म्हणजे एका पाहुण्यामागे दिवसाला एक इंच. यापेक्षा सोपं माप कुठल्या शिबिरात मिळेल? आता एप्रिलच्या शेवटी चार दिवस एवढंच करायचं: संध्याकाळी पंप बंद केल्यावर दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी मोजायची, पहाटे पंप लावायच्या आधी पुन्हा मोजायची. रात्रीतून पाणी बारा इंच चढलं, तर त्यातले तीन इंच घरच्या पाच माणसांचे, निदान तीन इंच बागेच्या शिपण्याला. उरले सहा. त्या घराची मे महिन्यातली ताकद सहा पाहुण्यांची आहे, खोल्या चार असोत की आठ. (शेजारची विहीर त्याच झऱ्यावर असेल, तर सहासुद्धा दोघांत वाटायचे.) विहीर आठ फुटांची असेल तर एका पाहुण्याला दीड इंचाहून थोडं जास्त लागतं, एवढा फरक करायचा.

पुढची पायरी म्हणजे टाकीतून खोल्यांकडे जाणाऱ्या नळीवर एक साधं मीटर. सकाळी आठला आकडा लिहायचा, दुसऱ्या दिवशी आठला पुन्हा. महिन्याभरात कळतं की पाणी जातं कुठे. साधा शॉवर मिनिटाला दहा-बारा लिटर सोडतो. समुद्रावरून आलेला माणूस अंगावरची वाळू काढायला दहा मिनिटं त्याखाली उभा राहिला की शंभर लिटर गेलेच. अंगणात एक नळ आणि दगडी न्हाणी करून दिली तर हीच वाळू दोन बादल्यांत निघते, शिवाय बाथरूमची मोरी तुंबत नाही. जुन्या फ्लश टाकीत पाण्याने भरलेली लिटरची बाटली ठेवली की दर वेळी एक लिटर वाचतं. ज्या दिवशी अशी गोष्ट शिकवतात, त्या दिवशी लोक वही काढतात.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. खेड्यातला माणूस असे आकडे कशाला ठेवेल, त्याला हे जमणार आहे का? हा आक्षेप घेणाऱ्यांनी नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांकडे पाहावं. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसी या वाढनियंत्रकाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल अडकला. मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. बागायतदारांना त्यानंतर कुणी पर्यावरणावर कविता ऐकवल्या नाहीत. कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं, फवारणीची नोंद कशी ठेवायची, नमुना कसा जातो हे ते शिकले, कारण पैसे त्यावर अडले होते. आज दहावी न झालेला बागायतदारही अवशेषांबद्दल एखाद्या पदवीधरासारखा बोलतो. आणि पाण्याचंच म्हणाल तर हिवरे बाजार आहे. पाऊस किती पडला ते मोजून तिथे दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. माणसांचं आणि जनावरांचं आधी, मग उरलेल्यावर पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. शेतीत जे जमलं ते पर्यटनात जमणार नाही असं मानायला आधार कोणता?

मैल्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण तो विषय फोटोत चांगला दिसत नाही. पण गावातलं पर्यटन आतून पोखरलं जातं ते इथेच. घराची सेप्टिक टाकी पाच माणसांसाठी बांधलेली असते. तिचं काम एवढंच, की पाणी आत निदान एक दिवस शांत राहावं, घाण तळाशी बसावी, जिवाणूंनी ती कुजवावी आणि वरचं निवळ पाणी शोषखड्ड्यात जावं. पाचाच्या जागी सतरा माणसं झाली की पाणी तिप्पट वेगाने टाकीतून पार होतं. घाण बसायला वेळच मिळत नाही, ती सरळ शोषखड्ड्यात जाते आणि खड्ड्याच्या कडा बुजतात. मग संडासातलं पाणी हळू उतरू लागतं. मालक काय करतो? बाजारातून ॲसिड आणून ओततो. त्याने कुजवणारे जिवाणू मरतात आणि टाकी नुसता साठ्याचा हौद होते. कोकणात यात जांभ्या दगडाची भर पडते. जांभा सच्छिद्र, त्यातल्या भेगांतून हे पाणी न गाळता विहिरीकडे जाऊ शकतं. शोषखड्डा विहिरीपासून निदान 18 मीटर, आणि उतारावर विहिरीच्या खालच्या अंगाला, हा नियम सपाट मातीतही पाळायचा असतो; जांभ्यात त्याहून जास्त अंतर ठेवलेलं बरं. पण आगर, म्हणजे घराभोवतीची बाग, अरुंद, दोन्ही बाजूंना भाऊबंदांची घरं, मग जागा असेल तिथे खड्डा खणला जातो.

हे सगळं शिकवायचं कुणाला? मालकाला तर शिकवायचंच, पण खड्डा कुठे खणायचा हे प्रत्यक्षात गवंडी ठरवतो. नळजोडणी करणारा ठरवतो की आंघोळीचं पाणी संडासाच्याच टाकीत सोडायचं की वेगळं काढून जाळी-वाळूतून माडाच्या आळ्यात. हे पाणी वेगळं काढलं की टाकीवरचा भार निम्म्याहून कमी होतो, आणि ही काही नवी विद्या नव्हे. न्हाणीचं पाणी केळीला सोडायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, बंदिस्त बाथरूम आली तेव्हा ती मोडली. म्हणून या प्रशिक्षणाला गवंडी आणि प्लंबर नसेल, तर ते अर्ध्यावरच सोडल्यासारखं आहे. विहिरीचं पाणी बिघडलंय का हे पाहण्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. जिवाणू-तपासणीची छोटी कुपी मिळते, त्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर समजायचं. जल जीवन मिशनखाली गावोगावच्या पाच बायकांना पाणीतपासणी शिकवायचं ठरलेलं आहे. होमस्टेच्या विहिरी महिन्यातून एकदा त्यांच्याकडून तपासून घेतल्या आणि त्याचे पैसे त्यांना दिले, तर वेगळी यंत्रणा उभी करायचीही गरज नाही.

आता पैशांकडे येऊ, कारण दुसरी फळी सगळ्यात जोरदार इथेच बोलते: पोट भरलेल्यांनी मर्यादेच्या गोष्टी सांगाव्यात, ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे तो आलेलं गिऱ्हाईक परत कसं पाठवेल? हा प्रश्न खरा आहे, आणि निसर्गप्रेमी मंडळी त्याला उत्तर न देता पुढे जातात. उत्तर हप्त्याच्याच हिशेबात आहे. दोन खोल्यांसाठी दहा लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षं: महिन्याला सुमारे 13,200 रुपये, वर्षाला 1,58,000. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या मिळून खोली वर्षात नव्वद रात्री भरली असं धरा. दोन खोल्यांच्या 180 रात्री. म्हणजे दर रात्रीमागे 880 रुपये नुसते कर्जाचे. खोलीचं भाडं दोन हजार. ऑनलाइन कंपनी पंधरा टक्के घेते, 300 गेले. चादरी-टॉवेल धुणं, वीज, साबण, साफसफाई यांचे साडेतीनशे. हातात 470. त्यातून पावसाळ्यानंतरची रंगसफेदी, पंपाची दुरुस्ती, आणि पहाटे पाचला उठून घावन घालणाऱ्या घरच्या बाईची मजुरी. ती मजुरी तर कुणी मांडतच नाही.

मग शेजारचा भाडं दीड हजारावर आणतो. स्पर्धेला आपणही उतरतो. कमिशन 225, कर्ज 880, खर्च 350. उरले पंचेचाळीस रुपये. हा हिशेब ज्याने कधी केला नाही तो ‘धंदा कमी झाला’ एवढंच म्हणतो आणि भरपाईसाठी त्याच खोलीत दोन गाद्या जास्त टाकतो. खोलीत तिघांऐवजी पाच. पाच इंच पाणी, टाकीवर आणखी भार, चार डब्यांऐवजी सात डबे कचरा. गर्दी आणि घाण ही अज्ञानातून किंवा हावरटपणातून आली असं शहरातून वाटतं; बरेचदा ती न मांडलेल्या हिशेबातून आलेली असते. म्हणून खर्च काढायला शिकवणं हेच पर्यावरणाचं शिक्षण आहे, आणि ते शिबिराच्या पहिल्या तासाला हवं.

पण हिशेब आलेला एकटा माणूस काय करणार? त्याने दर खाली आणायला नकार दिला तर गिऱ्हाईक पलीकडे जाईल. इथे व्यक्तीचं प्रशिक्षण संपतं आणि गावाचं सुरू होतं. भाड्याचा दर ठरवण्यापेक्षा खोलीतली माणसं ठरवणं सोपं आणि न्याय्य: एका खोलीत तीन, लहान मूल धरून चार, सगळ्या वाडीला एकच नियम, ग्रामसभेच्या ठरावाने. जास्तीचे पाहुणे पाळीने पुढच्या घरी. काजव्यांच्या गावांत तर याला दुसरा पर्यायच दिसत नाही. मेच्या शेवटापासून पाऊस नीट लागेपर्यंतचे ते मोजके दिवस. नर चमकत फिरतो, मादी खाली गवतात-झुडपात बसून त्याला उत्तर देते, आणि गाडीच्या दिव्यात ही देवाणघेवाण हरवते. अळ्या तर ओल्या पालापाचोळ्यात असतात, म्हणजे नेमक्या पायाखाली. वाटाड्याला हे शिबिरात सांगितलेलं असतं, त्याला ते पटलेलंही असतं. पण त्याची बिदागी डोक्यामागे असते, तेव्हा पंधरांच्या गटात तो चाळीस घेणारच. गटामागे ठरावीक बिदागी, वाटाड्यांची पाळी, गाड्या गावाच्या वेशीवर, तिथून पायी, विजेरीला लाल कागद, पायवाट सोडायची नाही. यातलं निम्मं शिक्षणाचं काम आहे आणि निम्मं व्यवहार बदलण्याचं. दुसरं केल्याशिवाय पहिलं टिकत नाही.

गावकऱ्यांकडे पारंपरिक ज्ञान आहे, या मुद्द्याला मी हलकं लेखत नाही. कास पठारावर कुंपण घातलं, गुरांचं चरणं थांबलं. मग अभ्यासकांनीच दाखवून दिलं की चराईअभावी गवत माजतं आणि ठेंगण्या फुलझाडांची कोंडी होते. पुढे ते कुंपण काढावं लागलं. तिथल्या गुराख्यांना आधी विचारलं असतं तर ही फेरी वाचली असती. पण याच कासमध्ये दिवसाला किती माणसं सोडायची, तिकीट किती, गाड्या कुठे लावायच्या हे प्रश्न कोणत्या परंपरेतून सुटणार होते? देवराई राखणाऱ्याला लाकूड किती तोडू नये हे ठाऊक होतं. एका दिवसात हजारो अनोळखी माणसं येतील हे त्याच्या अनुभवात नव्हतं. ते नवं संकट आहे, त्याचं ज्ञानही नवंच लागणार. कासला परिसरातल्या गावांच्या समित्या शुल्क, नोंदणी आणि रोजची मर्यादा सांभाळायला शिकल्या, त्यात जुन्या शहाणपणाचा अपमान कुठे झाला?

वेळासचं उदाहरण प्रेमाच्या बाजूने दिलं जातं. मंडणगड तालुक्यातल्या या गावात 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने कासवांच्या संवर्धनाचं काम उभं केलं, आणि जिथे अंडी चोरीला जात तिथे लोक आज पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येतात, गावातल्या घरांतून उतरतात. प्रेम आहेच. पण त्या कामाकडे जवळून बघा: पहाटे किनाऱ्यावर चक्कर, घरटं सापडलं की अंडी मोजायची, ती शंभराच्या आसपास भरतात, संरक्षित जागेत तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरायची, तारीख लिहायची आणि साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लांची वाट पाहायची. म्हणजे वेळासनेही आधी मोजायलाच शिकवलं.

मर्यादा घातली तर धंदा बसतो, ही भीतीही तपासून पाहू. माथेरानला मोटार गावात जात नाही. 2003 साली तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. तिथली हॉटेलं ओस पडली का? उलट मोटार नाही, हीच तिथली ओळख आहे. अर्थात माथेरानची दुसरी बाजूही लपवू नये: मोटारीच्या जागी माणसाने माणूस ओढला, आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या हातरिक्षा थांबवायला सांगावं लागलं. मर्यादेची किंमत कुणाच्या पाठीवर पडते हे आधीच ठरवलं नाही तर ती सगळ्यात गरिबाच्या पाठीवर पडते. म्हणून गाड्या वेशीवर अडवताना सामान वाहणाऱ्याचा दर आणि वजनाची हद्दही त्याच ठरावात हवी.

पर्यटकाला शिकवा, हेही बरोबरच. पण तो कुठल्या वर्गात येऊन बसणार? त्याला भेटणारा पहिला माणूस होमस्टेचा मालक, आणि बोलण्याची योग्य वेळ पैसे घेण्याआधीची. नोंदणीच्या मेसेजमध्येच चार ओळी: खोलीत किती माणसं, रात्री दहानंतर आवाज नाही, पिण्याचं पाणी गाळून उकळलेलं आणि तांब्यातून मिळेल, सुका कचरा परत न्यायचा. ज्यांना हे जाचक वाटतं ते इथेच गळतात. पाटी लावून हे होत नाही. पाटी वाचेपर्यंत पाहुणा आत आलेला असतो.

शिबिर कधी आणि कुठे, यावरही बरंच अवलंबून आहे. तालुक्याला सकाळी दहाला बोलावलं की पुरुष जातात, तेही बहुधा पदाधिकाऱ्यांच्या नात्यातले. घर प्रत्यक्ष चालवणाऱ्या बायका चुलीपाशी राहतात. तेच गावात दुपारी दोन ते चार ठेवा, भातलावणी आटोपल्यावर, ऑगस्टमध्ये. मोजणीचा अभ्यास घरी द्या आणि एप्रिलमध्ये परत येऊन वह्या तपासा. प्रमाणपत्र तेव्हा. बँकेनेही कर्जाच्या अर्जाला शिबिराच्या कागदाऐवजी एका उन्हाळ्याची विहिरीची नोंद मागावी. तिचंही कर्ज त्यातून जास्त सुरक्षित राहील. आणि कायद्याची एक गोष्ट आवर्जून सांगावी: 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार किनारपट्टीवरच्या स्थानिकांना राहत्या घरात होमस्टे चालवता येतं, मात्र घराचं जोतं आणि दर्शनी रूप न बदलता. हे माहीत नसलेला माणूस हौसेने मजला चढवतो आणि नोटीस आल्यावर वकील शोधत फिरतो.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. खरं नुकसान मोठे रिसॉर्ट करतात, मग दोन खोल्यांच्या माणसाला धडे कशाला? कळंगुट-बागाच्या लोकांनीही सुरुवात घरातल्या खोल्या भाड्याने देऊनच केली होती; पुढे तिथे जे काँक्रीट उभं राहिलं ते काही त्या खोल्यांनी आणलं नाही. मान्य. पण रिसॉर्टचा प्रस्ताव ग्रामसभेसमोर येतो तेव्हा काय होतं ते पाहा. एका बाजूला रोजगाराचं आश्वासन आणि रंगीत नकाशा, दुसऱ्या बाजूला ‘आमचं गाव बिघडेल’ ही भावना. भावना हरते. आता त्याच गावाकडे वीस विहिरींच्या तीन उन्हाळ्यांच्या नोंदी आहेत असं समजा. साठ खोल्या, खोलीत दोन माणसं, 180 लिटरने दिवसाला 21,600 लिटर. त्यात पोहण्याचा तलाव आणि हिरवळ धरलेली नाही. दहा फुटी विहिरीतलं जवळपास दहा फूट पाणी, रोज. हे पाणी कुठल्या झऱ्यातून येणार, बोअर किती खोल, मैल्याची टाकी कुठे आणि तिच्या खालच्या अंगाला कुणाची विहीर आहे, हे मग लेखी विचारता येतं आणि उत्तर येईपर्यंत ना-हरकतीचा ठराव पुढच्या सभेवर टाकता येतो.